गच्चीवर भाकरी, पेटीत डाळ : सोलापूरच्या उन्हाळ्यात घर न तापवता स्वयंपाक

१२ मार्च

आधी मोजमाप. घर वरच्या मजल्यावरचं, डोक्यावर थेट स्लॅब. स्वयंपाकघर आठ बाय दहा फूट, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. माणसं चार. रोजचं जेवण सोलापुरी घरात असतं तसंच: ज्वारीची भाकरी, कालवण किंवा आमटी, थोडा भात, तोंडी लावायला शेंगाचटणी.

ओट्यापासून लांबच्या भिंतीवर साधा तापमापक टांगला. संध्याकाळी सातला ३३ अंश. कुकर, भाजी, भाकऱ्या उरकून ओटा पुसेपर्यंत ३७. दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत असतो आणि आपण नेमकी त्याच वेळी खालून शेगडी पेटवतो. उतरणारा पारा पुन्हा चढतो तो त्यामुळे.

कोणत्या कामाला किती वेळ आग लागते तेही लिहून काढलं. कुकर २० मिनिटं, भाजी २०, चहा-दूध १५, भाकऱ्या ५०. कुकर निदान झाकलेला असतो. तवा उघडा, आच मोठी आणि दोन भाकऱ्यांच्या मधल्या वेळातही तो रिकामा तापत राहतो. भाकरी स्वयंपाकघराबाहेर गेली की निम्मं काम झालं, बाकीचं त्यामानाने सोपं.

दुसरा त्रास वाफेचा. सोलापूरची हवा कोरडी म्हणून इथे कूलर चांगला चालतो. पण उघड्या पातेल्याची वाफ घरात कोंडली की तोच कूलर नुसती दमट हवा फिरवतो. त्यामुळे नियम पहिल्या दिवसापासून: घरात जे शिजेल ते झाकून शिजेल.

१५ मार्च

एक्झॉस्ट पंखा तपासला. दुपारी दोनला लावला तर आतला पारा उतरण्याऐवजी चढला. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच दुसऱ्या दारा-खिडकीतून आत येते, आणि त्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते. पहाटे साडेपाचला हाच पंखा उपयोगी पडतो, तेव्हा बाहेर गारवा असतो. म्हणून वापर असा: पहाटे स्वयंपाक चालू असताना आणि नंतर अर्धा तास पंखा चालू, खिडक्या उघड्या. नऊनंतर पंखा बंद, खिडकी बंद, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाड गोणपाट. पडदा आतून लावला तर काच तापतेच आणि ती उष्णता खोलीतच राहते.

२० मार्च

गच्चीवरची शेगडी. एका बर्नरची शेगडी आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर. या भागात घाई नको:

सिलिंडर उभाच ठेवायचा, सावलीत, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. इथे विटांवर कडाप्पा टाकून ओटा केला. नळी तार असलेली, आयएसआय खुणेची, दीड मीटरची. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. काम झालं की रेग्युलेटर काढून सिलिंडर जिन्याखाली हवेशीर जागी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, त्यामुळे चारही बाजूंनी बंद खोलगट जागा चालत नाही. उन्हात सिलिंडर ठेवून जायचं नाही.

वाऱ्याने ज्योत एका बाजूला पळत होती आणि भाकरी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली निघत होती. तीन बाजूंनी दीड फूट उंचीचा पत्रा उभा केला. खाली दोन बोटं फट ठेवली, नाहीतर ज्योत पिवळी होऊन तव्याला काजळी धरते. सिलिंडर पत्र्याच्या बाहेर. आडोसा नसताना एका घाण्याला ३१० ग्रॅम गॅस जळत होता, आडोशानंतर २२० ग्रॅम. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पाहिलं की हे लगेच कळतं.

गच्ची नसलेल्या, पत्र्याच्या घरात हेच अंगणात करता येतं. पत्र्याखाली मात्र नको, तिथली हवा आधीच भाजलेली असते.

२५ मार्च ते ४ एप्रिल

कडक भाकरी, म्हणजे पातळ थापून पूर्ण वाळवलेली, बरेच दिवस टिकणारी भाकरी. आपल्या भागाने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. आठवड्यातून दोनदा पहाटे कडक भाकऱ्या करून ठेवायच्या आणि रोज दोन्ही वेळांसाठी तवा पेटवायचा नाही. पण घरी केलेली कडक भाकरी टिकत नाही अशी तक्रार कायम ऐकू येते, म्हणून यावर जास्त दिवस घालवले.

पीठ: मालदांडी ज्वारी, आठवड्याला लागेल तेवढीच दळून. उन्हाळ्यात जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) लवकर जाते. मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि पातळ होतच नाही. विरी गेलेलंच पीठ हाताशी असेल तर निम्मं पाणी उकळतं घालून आधी उकड काढावी, थोडं निवल्यावर उरलेल्या पाण्याने मळावं. प्रमाण १ किलो पिठाला ८५० ते ९०० मिली पाणी, २ चमचे मीठ, वरून लावायला तीळ.

वजन: एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ, म्हणजे किलोत साधारण सोळा. नेहमीची भाकरी ७५-८० ग्रॅमची असते, तिच्या जाडीने कडक भाकरी होत नाही.

पहिल्या घाण्याच्या भाकऱ्यांना चौथ्या दिवशी मधोमध बुरशी आली. कडा कुरकुरीत होत्या, मधला भाग मऊ. कारण भाकरी फुगली होती. फुगली की दोन पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या मधली वाफ आतच अडकते. ताज्या भाकरीचा जो गुण, तोच कडक भाकरीत दोष. उपाय असा: पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, दुसरी बाजू भाजून होत आली की आच बारीक करायची आणि फडक्याच्या बोळ्याने कडेपासून मध्यापर्यंत दाबत राहायचं. दाबल्यावर वाफ सुटायची थांबली की उतरवायची.

मग वाळवण. चुलीच्या दिवसांत भाकरी निखाऱ्याच्या कडेला उभी करून ठेवायचे. गॅसवर ती सोय नाही, पण ऊन आहे. ताटल्या ठेवायच्या स्टीलच्या जाळीच्या घोडीत भाकऱ्या उभ्या लावल्या, वर मलमल, घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांना एवढं पुरतं. परातीत आडव्या पसरल्या तर खालची बाजू घामेजते आणि भाकरी वाकडी होते. सकाळी आठ ते अकरा ऊन पुरे.

झाली की नाही हे ओळखायची खात्रीची खूण वजनाची. ६० ग्रॅम पिठाची भाकरी तव्यावरून उतरताना ९० ग्रॅमच्या आसपास असते. वाळून ती ६० किंवा त्याहून किंचित कमी भरली की पाणी गेलं. मोडताना ‘कट्’ असा आवाज यावा. नुसती वाकत असेल तर परत उन्हात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात नको. कोमट भरली की झाकणाला पाणी सुटतं आणि सगळी मेहनत जाते.

दुसऱ्या घाण्यापासून बुरशी नाही. डब्यातली शेवटची भाकरी पहिलीइतकीच कुरकुरीत.

खाताना चुरून दही-चटणीबरोबर, किंवा आमटीत पाच मिनिटं भिजवून. दातांनी अधू माणसांसाठी ताकात दहा मिनिटं. रोज एक वेळ हीच भाकरी, दुसऱ्या वेळी पहाटेची ताजी. दोन्ही वेळा कडकच दिली तर घरातली माणसं कंटाळतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

८ एप्रिल

गरम पेटी. पदार्थ उकळवायचा आणि आगीवरून काढून उष्णता धरून ठेवणाऱ्या पेटीत ठेवायचा, उरलेलं शिजणं तिथेच होतं. गॅस दहा मिनिटं, शिजणं दोन-तीन तास.

पहिली पेटी थर्माकोलची केली, फळांच्या दुकानातून आणलेली. उकळतं पातेलं थेट आत ठेवताच तळ मऊ पडून पातेल्याच्या आकाराचा खड्डा झाला. थर्माकोल उकळत्या भांड्याचा स्पर्श सोसत नाही. ती पेटी बाद.

दुसरी बांबूच्या मोठ्या पाटीची. तळाला चार इंच सुताची चिंधी (सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा सुताचा वाया गेलेला माल सहज मिळतो), त्यावर जुनी सोलापुरी चादर घडी करून, पातेल्याभोवती टर्किश टॉवेल आणि वरून गोधडी. पाटी, चिंधी मिळून खर्च २६० रुपये, बाकी सगळं घरातलं.

दोन दिवसांत चिंधी ओली झाली आणि पेटी नीट काम करेना. झाकणातून निसटणारी वाफ सुतात जिरते, आणि ओलं सूत उष्णता धरत नाही. पातेल्याच्या झाकणाखाली ओल्या कणकेची वात लावली आणि पातेलं आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग टॉवेलात. आठवड्यातून एकदा सगळं ऊन दाखवायचं.

पातेलं भरलेलं हवं. तीन लिटरचं, तीन चतुर्थांश भरलेलं पातेलं तीन तासांनी ८२ अंशांवर होतं. तेवढ्याच वेळात एक लिटरचं ६८ वर आलं. चार वाट्या आमटीसाठी पेटी वापरायची असेल तर मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी आणि त्यात डबा, असं करावं.

जमलेली प्रमाणं:

ज्वारीच्या कण्या १ वाटी, पाणी ४ वाट्या, रात्री भिजवून, सकाळी ८ मिनिटं उकळून पेटीत ३ तास. ढवळायची गरज नाही आणि तळाला लागत नाहीत. गार करून ताक, मीठ, जिरेपूड. पेटीसाठी याहून सोयीचा पदार्थ नाही.

तूरडाळ १ वाटी, पाणी ३ वाट्या, एक तास भिजवून, १० मिनिटं उकळी, पेटीत अडीच तास. चिंच-गूळ आणि मीठ नंतरच. आंबट आधी पडलं तर डाळ दाताखाली येते.

भात १ वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, ४ मिनिटं उकळी, पेटीत ५० मिनिटं.

हरभरे, मटकी भिजवलेले असतील तरी २० मिनिटं उकळी हवीच. राजमा पेटीत करू नये. तो नीट उकळला नाही तर पोट बिघडवतो, कुकरच बरा.

पेटीतून काढताना अन्न हाताला चटका देणारं, म्हणजे ६० अंशांच्या वर असलंच पाहिजे. कोमट निघालं तर ते तसंच वाढू नये. तापमापक ठेवणं उत्तम.

१९ एप्रिल

सौर पेटी बांधायला घेतली. बाहेरचा खोका ६० बाय ६० सेंमी, जुन्या प्लायचा. आतला ४५ बाय ४५, १७ सेंमी खोल, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, आतून काळा मॅट रंग. मधल्या जागेत कोरडं सूत आणि चुरगळलेली वर्तमानपत्रं दाबून. वर ४ मिमीच्या दोन काचा, मध्ये सव्वा सेंमी अंतर. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. काचा, आरसा, रंग, बिजागऱ्या, रबरी पट्टी मिळून सुमारे १,४०० रुपये.

रंगाचा वास जाईपर्यंत दोन दिवस पेटी रिकामीच उन्हात तापवली. हे टाळलं तर भाताला रंगाचा वास येतो.

आतली काच तडकली. चौकटीत ती घट्ट बसवली होती आणि तापल्यावर काचेला पसरायला जागा उरली नाही. नवी काच चारही बाजूंनी ३ मिमी लहान कापून घेतली, कडेला रबरी पट्टी. एक काच आणि एक दिवस गेला. गरम काचेवर ओलं फडकंही फिरवू नये. धूळ पुसायची ती सकाळी, पेटी गार असताना. आणि पुसायची रोज. इथल्या वाऱ्याने एका दिवसात काचेवर जो थर बसतो त्याने पेटी अर्धा तास मागे पडते.

२७ एप्रिल

पेटीचं तोंड आणि वेळ. सौर पेटी दक्षिणेकडे तोंड करून ठेवा, असं सरसकट सांगतात. हिवाळ्यात ते बरोबर. उन्हाळ्यात सोलापुरात त्याचा उपयोग नाही, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. सकाळी पेटीचं तोंड पूर्वेला ठेवायचं आणि दुपारी एकदा फिरवून पश्चिमेला. दिवसात हलवाहलव एवढीच.

फिरवायची वेळ बाराची नाही. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, सोलापूर ७६ अंशांच्या जवळ आहे, आणि दर अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे मेमध्ये इथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वीस ते बारा पंचवीसच्या दरम्यान. कामाचं ऊन दहा ते पावणेतीन.

आरसा दहा वाजता काचेशी काटकोनाहून थोडा मागे. माध्यान्हाला बराच मागे, काचेपासून साधारण १२० अंशांवर. अंदाज घ्यायचा तो आरशाकडे बघून नाही, काचेवर पडलेल्या कवडशाकडे बघून: पूर्ण काच झाकली गेली की कोन बरोबर. दुपारच्या वाऱ्याने आरसा आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंना सुतळी ओढून खिळ्याला बांधली.

भांडी पातळ, बाहेरून काळी, झाकणंही काळी. चकचकीत स्टीलचा डबा आत ठेवला तर अर्धं ऊन तोच परत फेकतो.

५ मे

सौर पेटीचा हिशेब. रिकामी पेटी तासाभरात १२० अंशांवर जाते, भांडी ठेवल्यावर १००च्या आसपास राहते. भात पावणेदोन तास, भिजवलेली तूरडाळ अडीच तास, अख्खे बटाटे आणि अंडी पाण्याशिवाय दोन तास. पाणी बाहेरच्यापेक्षा कमी लागतं, भाताला दीडपट पुरे, कारण उडून जायला वाव नाही. मध्येच उघडून बघायचं नाही. एकदा उघडली की पंधरा-वीस मिनिटं गेली.

काचेला आतून पाणी सुटत असेल तर भांड्याचं झाकण सैल आहे.

शेंगदाणे यात फार चांगले भाजले जातात. अर्धा किलो, काळ्या ताटात एकच थर, दोन तास, मध्ये एकदा हलवून. करपत नाहीत, सालं चुरल्यावर सुटतात. लोखंडी तव्याचा खरपूसपणा येत नाही हे खरं, पण घरात अर्धा तास धग नाही. चटणीला: अर्धा किलो दाणे, वीस-पंचवीस लसूण पाकळ्या, ३ चमचे तिखट, १ चमचा जिरे, मीठ. उखळात कुटली तर तेल सुटतं. मिक्सरमध्ये करायची तर थांबत थांबत फिरवावी, सलग फिरवली की भुगा गरम होऊन लगदा होतो.

या पेटीत भाकरी, फोडणी आणि तळण होत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

९ मे

पारा ४२ च्या वर. आता शिजवण्यापेक्षा टिकवणं अवघड.

मटकी रात्रभर बांधून ठेवली तर सकाळी बुळबुळीत आणि आंबूस. या दिवसांत आठ तास भिजवणं आणि दहा-बारा तास मोड, एवढंच पुरतं. पुरचुंडी माठाजवळ टांगायची, मध्ये एकदा पाण्यातून काढायची, मोड दिसताच फ्रिजमध्ये.

दही तीन-चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबट होतं. रात्री विरजण लावायचं नाही. पहाटे दूध बोट सोसेल त्याहूनही कमी गरम असताना, लिटरला अर्धा चमचा विरजण, नऊपर्यंत लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

शिजलेला भात या हवेत तासाभराच्या वर बाहेर ठेवायचा नाही. दहीभातासाठी भात परातीत पसरून पंख्याखाली गार करायचा, गार दही कालवायचं आणि लगेच फ्रिज. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारलं तर फ्रिज तीच उष्णता मागच्या बाजूने खोलीत सोडतो.

फोडणी आठवड्याची एकदम, गच्चीवरच: १०० मिली तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत. गार करून कोरड्या बाटलीत. दडपे पोहे, कोशिंबीर, ताक यांत चमचाभर. लसूण यात घालायची नाही, तेलात बुडालेली ओलसर लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं.

आंबील: ४ चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात रात्रभर, सकाळी ३ वाट्या उकळत्या पाण्यात घालून सात मिनिटं, माठातल्या पाण्यात पातेलं ठेवून गार, वरून ताक आणि ठेचलेलं आलं-जिरं. गुठळ्या होतात त्या पीठ कोरडं घातल्यामुळे.

१६ मे

आजचं वेळापत्रक, सध्या असंच चालू आहे. पहाटे ५.१५ ला गच्ची: दूध, चहा, भाजी, ताज्या भाकऱ्या. ७ वाजता शेगडी बंद. १० वाजता सौर पेटीत भात आणि अंडी किंवा बटाटे. साडेबाराला जेवणाचं काढून पेटी पश्चिमेला फिरवायची, त्यात भिजवलेली डाळ. तीनला डाळ उतरवून उकळती असतानाच गरम पेटीत, रात्री साडेसातपर्यंत ती वाफाळती राहते. वाढायच्या आधी बाटलीतली फोडणी. रात्री स्वयंपाकघरात आग नाही.

संध्याकाळी सातला ३७ अंश, जेवणं झाल्यावर ३६.५. शेगडी पेटवली असती तर चाळिशी ओलांडली असती. मार्चमधली चार अंशांची चढ आता दिसत नाही.

२३ मे

दुपारी ढग भरून आले, मग वळीव. सौर पेटीतली डाळ दीड तासावर अर्धी कच्ची राहिली. अशी डाळ पेटीत कोमट ठेवून उन्हाची वाट बघायची नाही, लगेच कुकरला लावायची, एक शिट्टी पुरते. या आठवड्यापासून दुपारची डाळ सौर पेटीत नाही, पहाटेच उकळून गरम पेटीत. ती संध्याकाळसाठी नाही, दुपारच्या जेवणाला. संध्याकाळी कण्या किंवा दहीभात.

कडक भाकऱ्या सादळल्या. डबा घट्ट होता, पण रोज उघडझाप होताना ओली हवा आत जाते. आता दोन डबे: एक आठवड्याचा, बंद, दुसरा रोजचा, चार भाकऱ्यांपुरता. सादळलेल्या भाकऱ्या तासभर उन्हात उभ्या केल्या की परत कडक होतात, बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र टाकून द्यायच्या.

३ जून

पाहुणे, दहा माणसं. पुरणपोळी गच्चीवर पहाटे केली, पुरण आदल्या दिवशी सौर पेटीत शिजवलेल्या हरभराडाळीचं (भिजवून तीन तास), वाटून रात्रभर फ्रिजमध्ये. पुरण आटवताना मात्र गच्चीवर पाऊण तास गेला आणि ऊन वर आलं. दहा माणसांचं आटवण आदल्या पहाटेच उरकायला हवं, पोळ्यांच्या दिवशी नाही. भजी करायचीच असतील तर गच्चीवर, वारा पडलेला असताना आणि आडोशाआड. कढईत निम्म्याहून जास्त तेल घ्यायचं नाही.

८ जून

आभाळ रोज भरतंय. सौर पेटीच्या काचा काढून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात उभ्या ठेवल्या, आडव्या ठेवल्या तर वजनाने तडकतात. आतलं सूत काढून वाळवलं, कारण ओल धरलेल्या पेटीत वाळवी येते. शेगडीचा बर्नर घासून तेलाचं बोट लावलं. नळीला चिरा नाहीत, तरी तिच्यावरची मुदत पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपते, तेव्हा नवी घ्यायची. गरम पेटी तशीच चालू आहे, तिला शिजवायला ऊन लागत नाही.